काळजाचं दुखणं आणि आपली दिंडी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर एका डॉक्टर वारकऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला सांगितलंय की डॉक्टर, बोला, पण औषधांची नावं सांगू नका, ती ध्यानात राहत नाहीत. बरं झालं. मला आज औषधांबद्दल फारसं बोलायचंच नाहीये.

शंभर वर्षांपूर्वी आपली दिंडी निघायची तेव्हा घरची माणसं वेशीपर्यंत सोडायला यायची आणि रडायची. आज वारीला निघालेल्या माणसाला रडून निरोप कोण देतं? उलट फोटो काढतात. तेव्हा रडायचं कारण होतं पटकी. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या की रात्रीपर्यंत धडधाकट गडी चिपाडासारखा व्हायचा. सरकारच्या आरोग्य खात्याच्या जुन्या अहवालांत पंढरीची यात्रा आणि पटकीची साथ ही दोन नावं जोडीनंच येतात. इथे जी ऐंशीच्या पुढची मंडळी बसलीत त्यांना आठवत असेल, पंढरीला जायचं म्हणजे पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची आणि दाखला जवळ ठेवावा लागायचा.

ती पटकी गेली कशानं? पाणी उकळून प्या, असा उपदेश झालाच, नाही म्हणत नाही. पण अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसानं वाटेत पाणी उकळायचं कुठं? पटकी हटली ती विहिरीत औषध टाकलं म्हणून, सुया टोचल्या म्हणून, टँकर आले, नळ आले, संडास आले म्हणून. म्हणजे व्यवस्था बदलली म्हणून. पटकीनं गेलेल्या वारकऱ्याला कुणी म्हटलं नाही की बाबा, तुझंच चुकलं, तू पाणी निवडून प्यायला नाहीस.

आता काळजाचं बघा. आपल्या देशात आज जेवढी माणसं मरतात त्यांतली चारांमागे एकाहून जास्त काळजाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरतात. पटकीची जागा या आजारानं घेतलीय म्हणा ना. आणि आपण त्यावर करतो काय? उपदेश. तेल कमी खा, टेन्शन घेऊ नका, रोज चालत जा. वारकऱ्याला सांगतात रोज चालत जा! आणि टेन्शन काय कुणी बाजारातून पिशवीत घालून आणतं? ते आपल्या पायानं घरात येतं आणि चुलीपाशी बसतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की काळजाचा आजार जितका माणसाच्या ताटातून येतो तितकाच तो त्याच्या परिस्थितीतून येतो. कर्जातून, कामातून, घरापासून दवाखाना किती लांब आहे त्यातून. म्हणून त्याच्यावरही पटकीसारखीच व्यवस्था लागते. ती कशी, ते पुढं सांगतो.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे अजून म्हणतात की हार्ट अटॅक हा शेठजींचा आजार, शेतात राबणाऱ्याला तो होत नाही. काळजाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या ठिबकच्या नळीसारख्या असतात. ठिबकच्या नळीत क्षार साचतो तशी ह्या नळ्यांत वर्षानुवर्षं चरबी साचते, आणि एक दिवस तिथं रक्ताची गुठळी बसली की पुढचं पाणी बंद. पुढचं रोप सुकतं. हे होताना नळी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघत नाही. जगातल्या ५२ देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला, २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात दिसलं की आपल्या भागातल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेश-श्रीलंका-नेपाळकडच्या माणसाला पहिला झटका येतो सरासरी ५३ व्या वर्षी. बाकीच्या जगात तो ५९ च्या आसपास येतो. सहा वर्षं आधी! मुलीचं लग्न व्हायचंय, विहिरीचं कर्ज फिटायचंय, अशा वयात.

त्याच अभ्यासात झटक्याची नऊ मोठी कारणं सापडली. तंबाखू, बीपी, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, दारू, भाजी-फळं न खाणं, अंगाला हालचाल नसणं. ही आठ तुम्ही कुठंतरी ऐकली असतील. नववं कारण म्हणजे मनावरचा ताण. डॉक्टर लोकांनी ते शोधून काढायच्या आधी आपल्या आया-बाया ते सांगतच होत्या. गावात कुणी असा अचानक गेला की म्हणतात ना, त्यानं हाय खाल्ली. सोयाबीन भिजलं, भाव पडला, बँकेची नोटीस आली, आणि महिन्याभरात माणूस झोपेतच गेला. विष घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची सरकारदरबारी नोंद होते. हाय खाऊन गेलेल्याची कुठल्या रकान्यात करणार? त्याच्या दाखल्यावर फक्त हृदयविकार असं लिहिलं जातं.

आता एक लांबची गोष्ट सांगतो, ती ऐकल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. लंडन शहरात सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या सतरा हजारांहून जास्त पुरुषांची तपासणी १९६७ पासून झाली. मायकेल मार्मट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं अनेक वर्षं त्यांचा माग ठेवला. त्या लोकांत कुणी उपाशी नव्हतं. सगळ्यांना पक्की नोकरी, पेन्शन, सगळ्यांना तिथला मोफत सरकारी दवाखाना. लोकांचा समज असा की साहेबांना जास्त जबाबदारी, म्हणून झटका साहेबालाच येणार. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-निरोप्या लोकांत काळजाच्या आजारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त. आणि हे फक्त वर आणि खाली असंही नव्हतं. जिन्याच्या पायऱ्यांसारखं होतं, प्रत्येक पायरी खाली उतरलं की धोका वाढलेला. विडी-सिगारेट, बीपी, चरबी यांचा हिशेब वजा केला तरी बराचसा फरक उरलाच.

मग नंतरच्या अभ्यासात त्यांनी विचारायला सुरुवात केली, तुमच्या कामावर तुमचा ताबा किती? कधी उठायचं, कधी बसायचं, काम कसं करायचं, हे ठरवतं कोण? ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या काळजाला धोका जास्त, असं दिसलं. याचं कारण शरीरात आहे. माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो, काळीज जोरात धडधडतं, बीपी चढतं, रक्तात साखर येते. बिबट्या समोर आला तर पळायला हे कामी येतं. पण सावकार किंवा मुकादम बिबट्यासारखा एकदा येऊन जात नाही. तो रोज आहे. मग तो रसही रोज सुटतो, बीपी चढलेलंच राहतं, झोप उडते आणि नळ्या आतून खराब होत जातात.

आता लंडनच्या शिपायाच्या जागी आपला ऊसतोड कामगार बसवून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, नगर, जालन्याकडून गाड्या भरून माणसं कारखान्यांवर जातात. आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळी किती बांधायची, ट्रक कधी येणार, रात्री दोनला भरायला उठायचं का, यातलं काहीच त्यांच्या हातात नाही. आजारी पडून एक दिवस बसलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर जाते. कष्ट म्हणाल तर साहेब लोक जिममध्ये पैसे भरून करतात त्याच्या दसपट. मग त्यांची काळजं लोखंडाची व्हायला पाहिजेत! होत नाहीत. मनानं चालणं वेगळं आणि अर्धपोटी, विना झोपेचं ओझं वाहणं वेगळं. वारीत आपण थकतो, पण वारी आपली आपण निवडलेली आहे. कोयता निवडलेला नसतो.

बायांचं तर आणखी वेगळं. ऊसतोडीच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. पाळीचा त्रास नको, खाडा नको, म्हणून तरण्या वयात ऑपरेशनं. त्याबरोबर अंडाशयंही काढली, तर बाईच्या काळजाला निसर्गानं दिलेलं कवच लवकर निघून जातं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. इथं ज्या माय-बहिणींचं असं ऑपरेशन चाळीशीच्या आत-बाहेर झालंय त्यांनी बीपी आणि शुगर वर्षातून एकदा तपासलीच पाहिजे. हे लाजायचं कारण नाही.

खाण्याचं बोलतो. आपण म्हणतो गरीब माणूस साधं खातो. साधं म्हणजे काय? भाकरी, आणि कोरड्यासाला काही नसलं की खर्डा, ठेचा, लोणचं. भाजी महाग, डाळ महाग; मीठ-मिरची स्वस्त. चार भाकरी घशाखाली उतरवायच्या तर मीठ पाहिजेच. म्हणजे मीठ ही गरिबाची भाजी झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. आपल्या एका लोणच्याच्या फोडीत आणि दोन पापडांत त्याचा किती भाग जातो ते घरी जाऊन बघा. बीपी वाढायला याहून वेगळं कारण शोधायला नको. त्यात ज्वारी-बाजरी मागं पडली, ताटात रेशनचा तांदूळ आला, आणि घाण्याच्या तेलाच्या जागी स्वस्तातलं पामतेल आलं.

तंबाखूचंही तसंच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या चारांमागे एकापेक्षा जास्त प्रौढ माणसं तंबाखू वापरणारी निघाली, आणि त्यात ओढणारे थोडे, खाणारे आणि मशेरी लावणारेच फार. लोक विचारतात, वारकरी माळकरी, मांस-मच्छी सोडतो, मग तंबाखू का सुटत नाही? मी रोज पेशंटला विचारतो. एक मावशी म्हणाली, "डॉक्टर, सकाळी मशेरी लावली की दुपारपर्यंत भूक कळत नाही." बघा. तंबाखूनं भूक मरते, हे शास्त्रही सांगतं. भुकेवरचं ते सगळ्यात स्वस्त औषध आहे. पण ते चघळणाऱ्याचाही झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, न ओढता. म्हणून त्या मावशीला मी नुसतं 'मशेरी सोडा' म्हणून भागत नाही. तिच्या सकाळच्या न्याहारीचं काय, ते आधी बघावं लागतं.

हे झालं जिवंतपणीचं. पण परिस्थिती माणसाला आईच्या पोटातच गाठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांचं वजन सरासरी ४२ किलो. शेतातलं काम, पाणी भरणं, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवण. त्यांची बाळं जन्मली पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. पण नवल पुढंच आहे. आपली बाळं हाडानं-मांसानं बारीक होती, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. वरून काडी, आतून चरबी. पोटात असताना कमी मिळालं की शरीर साठवायला शिकतं. पुढं मोठेपणी चार घास जास्त मिळाले की ते शरीर सवयीनं साठवतच राहतं, आणि तिथून शुगर, बीपी, काळीज. युरोपात हॉलंड देशात १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं अन्नान्न झालं होतं. त्या वेळी आईच्या पोटात पहिल्या महिन्यांत असलेल्या मुलांना पुढं पन्नाशीत काळजाचे आजार जास्त झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं.

आपल्याला हॉलंडपर्यंत जायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ इथल्या कितीजणांनी पाहिलाय? खडी फोडलेली, सुकडी आणि लाल मिलो खाल्लेला? त्या वर्षी जी लेकरं पोटात होती ती आज पन्नाशी ओलांडून आपल्या दिंडीत टाळ वाजवतायत. त्यांना मी विनंती करतो, तुमचं पोट सुटलेलं नसेल, तुम्ही बारीक असाल, तरी स्वतःला निरोगी धरून चालू नका. बीपी-शुगर बघा. आणि घरात सून गरोदर असेल तर तिला शेवटच्या पंगतीला बसवू नका. साठ वर्षांनंतरचा झटका टाळायचं ते सगळ्यात स्वस्त औषध आहे.

पंढरीला नामदेव पायरीचं दर्शन घेतलं की समोरच चोखोबांची समाधी. चोखोबा कसे गेले हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर लावलं होतं, भिंत कोसळली आणि त्याखाली गेले. चोखोबांच्या मरणाला त्यांचं खाणं-पिणं कारण झालं असं कुणी म्हणतं का? ज्यांनी त्यांना त्या भिंतीखाली उभं केलं, ती रीत कारण होती. माझ्या टेबलासमोर पंचेचाळीस वर्षांचा माणूस छाती धरून येतो तेव्हा मला ती भिंत दिसते. ती कर्जाची असते, खाड्याची असते. कधी नुसती अंतराची असते.

अंतराचंच सांगतो, कारण तिथं आपल्याला काही करता येण्यासारखं आहे. आपल्या पंचक्रोशीतले एक टाळकरी. नाव घेत नाही. रात्री अकराला छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम. घरात म्हणाले, गॅस झालाय. ओवा खाल्ला, सोडा घेतला. दीडला पुन्हा कळ, डावा हात भरून आला. बायको म्हणाली दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, एवढ्या रात्री गाडीवाला हजार रुपये मागेल, सकाळी सहाला दुधाची गाडी येते, तिच्यातून जाऊ. दुधाची गाडी वेळेवर आली. पण तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत ते राहिले नव्हते. त्यांना जे इंजेक्शन लागलं असतं, गुठळी विरघळवायचं, ते पहिल्या एक-दोन तासांत दिलं तर काळीज वाचवतं, मग जसजसे तास जातात तसतसा त्याचा उपयोग घटतो. त्यांनी हजार रुपये वाचवले, असं म्हणायचं का? मी असं म्हणतो की आपल्या गावात रात्री हजार रुपये आणि एक गाडी निर्धास्तपणे मागता येईल असं एक दार नव्हतं.

हे एका गावाचं नाही. देशातल्या ५० शहरांतल्या वीस हजारांहून जास्त झटक्याच्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी ठेवली, ती २००८ साली छापून आली. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायलाच साधारण पाच-सहा तास. रुग्णवाहिकेतून आलेले अगदी मोजके, बाकी मिळेल त्या वाहनानं. आणि महिन्याभरात गरीब रुग्णांपैकी शंभरात आठ दगावले, श्रीमंतांपैकी साडेपाच. मग त्यांनी हिशेब लावला की फरक कशामुळं? दोघांना जे उपचार मिळाले त्यांतला फरक हिशेबात धरला, तर मरणातला फरक उरलाच नाही. म्हणजे गरिबाचं काळीज काही वेगळ्या मातीचं नव्हतं. त्याला इलाज कमी मिळाला, एवढंच. मला विचाराल तर त्या सगळ्या अहवालातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि एका अर्थानं सगळ्यात आशेचंही. कारण इलाज पोचवता येतो.

आता आपल्या दिंडीकडे येऊ. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी काय होतं? चोपदार दंड उंच करतात आणि लाखाचा समाज एकदम गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती आपले टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो. भांडण नाही, आरडाओरडा नाही, पण गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती पुढं सरकत नाही. अशी रीत ज्यांच्याकडे आहे त्यांनी छातीचं गाऱ्हाणं मात्र लपवायचं? मी दरवर्षी बघतो. बाबा कळ दाबून चालत राहतात. का, तर सांगितलं तर गाडीत बसवतील, घरी पाठवतील, वारी चुकेल. आणि घरून निघतानाच पोरं म्हणालेली असतात की आता वय झालं, पुढच्या वर्षी जाऊ नका. म्हणून माणूस बोलतच नाही. तेव्हा दिंडीनं आधी शब्द दिला पाहिजे, की जो दुखणं सांगेल त्याची वारी मोडणार नाही. दोन टप्पे गाडीतून येईल, तिसऱ्याला पुन्हा टाळ हातात. एवढा शब्द मिळाला तर निम्मी माणसं स्वतःहून बोलतील.

दुसरं, भिशी लिहून घेताना आपण नाव, गाव आणि पैसे लिहितो. त्याच वहीत आणखी तीन रकाने पाडा. गोळ्या कुठल्या चालू आहेत, घरच्या माणसाचा फोन, आणि रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स पिशवीत आहे की नाही. हे तिसरं का, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास बसते, पण अर्ध्या रात्री कागद सापडत नाहीत आणि नातेवाईक खिशात हात घालून उभा राहतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, आधी त्याच्याकडे जायचं. एका ठिकाणी, मोठ्या दवाखान्यात, आमच्या माणसाकडून कागद बघायच्या आधी पन्नास हजार भरून घेतले होते. ते परत मिळवायला दीड वर्ष गेलं. म्हणून म्हणतो, कागद जवळ असू द्या आणि तोंड उघडा.

गोळ्यांचं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या पंधरा दिवसांच्या नाहीतर महिन्याच्या मिळतात. त्या वारीच्या मध्यावर, फलटणच्या आसपास संपतात. मग पंढरीपर्यंत बिनगोळीचं बीपी. निघायच्या आधी आशाताईला सांगून पूर्ण दीड महिन्याच्या मागून घ्या. नाही मिळाल्या तर जनऔषधी दुकानात त्याच गोळ्या निम्म्याहून कमी पैशांत असतात. आणि एकादशीला गोळी सोडायची नाही. बहुतेक वर्षी एकादशीच्याच दिवशी आपला पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा येतो, मध्ये दिवेघाट, पोटात उपास. त्याच दिवशी म्हातारी माणसं गोळी सोडतात, का तर उपासाला चालत नाही. गोळीनं उपास मोडत नाही, विणेकरी बुवांनी आत्ताच मान हलवली, बघा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र उपासाआधी डॉक्टरला विचारा, कारण ते घेऊन उपाशी राहिलं तर चक्कर येते.

बायांबद्दल एक. वाटेत आडोसा नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, लघवीची गोळी तर मुद्दाम टाळतात. जेवणाच्या तंबूआधी बायांचा आडोसा उभा राहिला पाहिजे. हे आरोग्याचं काम आहे, सोयीचं नाही.

स्वयंपाकाच्या गाडीला हात जोडून सांगतो, तळणीचं तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत घालू नका, आणि मीठ वरून वाढू नका. वाटेत दानशूर मंडळी फरसाण, बुंदी, वडे देतात, त्यांचा भाव मोठा आहे. पण पुढच्या वर्षी त्यांना आधीच निरोप धाडा, की केळी द्या, काकडी द्या, फुटाणे-शेंगदाणे द्या. देणारा नाही म्हणत नाही. त्याला सांगितलेलंच नसतं.

आणि शताब्दी निधी. मठाच्या सभामंडपाला संगमरवर बसवायचा ठराव आहे असं कानावर आलंय. बसवा. मी काही आड येत नाही. पण त्यातला एक भाग बाजूला काढा आणि आपल्या दिंडीतल्या प्रत्येक गावात एका घरी रात्री-अपरात्री मिळतील असे थोडे रोख पैसे आणि एका गाडीवाल्याशी बोलून ठेवलेला करार, एवढं उभं करा. वारीचे वीस दिवस आपण एकमेकांना माउली म्हणतो, पाया पडतो. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस त्या माउलीला छातीत दुखलं तर तिनं कुणाचं दार वाजवायचं, हे लिहिलेलं असावं. पैसे नंतर फेडता आले तर फेडेल, नाही तर नाही.

आता ध्यानात ठेवायचं थोडंसं. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, जड वाटणं, कळ हाताला, जबड्याला किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, हे झालं तर गॅस समजू नका. बायांना आणि शुगरवाल्यांना कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, अंगातलं बळ गेल्यासारखं होतं. चालणं तिथंच थांबवायचं, बसवायचं, १०८ ला फोन लावायचा. तो फोन आणि गाडी फुकट आहे. गाडी येईना झाली तर मिळेल त्या वाहनानं जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात. आपल्या आरोग्य पथकाकडे अ‍ॅस्पिरिनची गोळी असते, ती त्यांना विचारून चघळायची. दुसऱ्याची जिभेखालची गोळी उसनी घ्यायची नाही, बीपी एकदम खाली येऊ शकतं.

उद्या काकड्यानंतर मठाच्या ओसरीवर मी आणि दोन सिस्टर बीपीचं मशीन घेऊन बसणार आहोत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं यायचंय. चोपदारांना मी विनंती केलीय की त्यांनी स्वतः आधी हात पुढं करावा, म्हणजे बाकीचे येतील. चहा तपासणीनंतर.

रामकृष्णहरी.